मॅडमला वाईट वाटू नये म्हणून

आई गेल्यानंतर मला धडधड सुरू झाली. भाजीला फोडणी देताना, रिक्षात, देवापुढे, कुठेही. छातीची पट्टी काढली, रक्त तपासलं, सगळं ठणठणीत निघालं. डॉक्टर म्हणाले, "समुपदेशकाकडे जा." नवऱ्याने लगेच विचारलं, "म्हंजे येड्यांचा डॉक्टर?" मी म्हटलं, "तुम्हाला नेत नाय, मीच चालले."

मुकुंदवाडीहून रिक्षाने जालना रोडला उतरायचं, साड्यांच्या दुकानावर दुसरा मजला. मॅडम माझ्या भाचीच्या वयाची, काटकुळी. मी तिला तोंडावर मॅडम म्हणायचे, मनात पोरगी. पहिल्याच दिवशी वाटलं, ही सकाळपासून उपाशी दिसते. ती माझ्या मनातलं शोधत होती आणि मी तिच्या पोटातलं.

तिने माझ्या तळहातावर एक बेदाणा ठेवला. एकच! आमच्या फुलंब्रीकडे पाहुण्याला कुणी एक बेदाणा दिला तर ठरलेली सोयरीक मोडेल. "आता याचा रंग बघा, सुरकुत्या बघा, वास घ्या. आपलं सगळं लक्ष..." तिचं वाक्य संपायच्या आत माझा गिळून झाला होता. तिने शांतपणे दुसरा दिला. मला वाटलं आग्रह करतेय, म्हणून "नको नको, बास आता" म्हणत मी तोही खाल्ला.

पुढच्या खेपेला मी शिऱ्याचा डबा नेला, बेदाणे सढळ हाताने घालून. तिला घेता येत नाही म्हणाली. मग मी तिला शेतावर हुरडा खायला बोलावलं. तेही जमत नाही म्हणाली. "आपलं नातं या खोलीपुरतं आहे," असं समजावून सांगितलं. शिरा रिक्षावाल्याने खाल्ला. घरी येऊन मी नवऱ्याला म्हणाले, "पोरगी गुणाची हाय, पण माणूसघाणी."

मग डोळे मिटायचा प्रकार सुरू झाला. श्वासाकडे लक्ष द्यायचं, विचार आला तर येऊ द्यायचा, गेला तर जाऊ द्यायचा. माझे विचार यायचे आणि मुक्कामाला थांबायचे. दळण राहिलंय. हिच्या पंख्यावर केवढी धूळ. एक डोळा किलकिला करून पाहिलं, तर पोरगी स्वतःच इतकी मनापासून डोळे मिटून बसलेली की मलाच भरून आलं. किती मेहनत घेते बिचारी!

"काय जाणवलं?" तिने विचारलं.

"लई शांत वाटलं बघा."

तिचा चेहरा उजळला, आणि मी अडकले. त्यानंतर दर आठवड्याला मला थोडं थोडं बरं वाटणं भागच होतं. आईचा विषय निघाला की मी विचारायचे, "तुमच्या आईचं कसं हाय? गुडघे दुखत असतील ना?" घरी धडधड होती तशीच. मॅडमकडे जायच्या दिवशी तर जास्तच, कारण आज कुठे बरं वाटलं ते जुळवून ठेवावं लागायचं.

एक दिवस ती म्हणाली, "तुमच्यात फार छान बदल झालाय. आजची भेट शेवटची ठेवूया का?"

मी "बरं" म्हणाले. पर्स उचलली, दारापर्यंत गेले, सवयीने "या एकदा घरी" म्हणाले आणि तिथेच धडधड सुरू झाली. आता ही घेऊन जायचं कुठे? मला फार भीती वाटली. मी परत येऊन खुर्चीत बसले.

"मला काय बरं वाटत नाय," मी म्हणाले. "पहिल्यापासूनच नाय. तुम्हाला वाईट वाटंल म्हणून बोलले नाय."

ती खचेल असं वाटलं होतं. ती तर हसली. "माझं वाईट वाटणं मी बघते. तुम्ही तुमचं सांगा."

मग मी सांगितलं. आई गेली त्या दिवशी शेजारणींनी पिठलं-भाकरी आणली, ती सगळ्यांना मीच वाढली. बाया माझ्या गळ्यात पडून रडत होत्या आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत, "दोन घास खाऊन घ्या" म्हणत होते. सांगता सांगता मला हुंदका फुटला. आमच्याकडे कुणी रडायला लागलं की चारजणी धावतात, पाणी पाजतात, "गप, गप" करत रडणं बंद पाडतात. मी पदर तोंडाशी धरून वाट पाहिली. पोरगी जागची हलली नाही. पाणी दिलं नाही, गप म्हणाली नाही. नुसती माझ्याकडे बघत बसली.

मग मी रडले. "आई गं, आई गं" करत, मोठ्याने. तास संपला. बाहेर पुढचा माणूस ताटकळत होता. बसू दे, म्हटलं.