वॉर्डातला आरसा

मनोरुग्णालयाच्या जुन्या वॉर्डात आरसा नव्हता. काच नको, म्हणून काढून टाकलेला. तिथे असलेल्या माझ्या मावशीला कुंकू नर्सबाई लावायच्या, तेही घाईत, भलतीकडेच. मला बघवायचं नाही. स्वतःचा चेहराच दिसत नसेल, तर माणूस सावरणार तरी कुणाला?

नव्या वॉर्डात भिंतीवर चकचकीत स्टीलचा पत्रा बसवलाय, जमिनीवर बसणाऱ्या बाईला दिसेल इतका खाली. "घरी कशा बसता?" असं कुणीतरी बायकांना विचारलं म्हणे. एवढं विचारायला इतकी वर्षं लागली, याचा आधी रागच आला मला.

मावशी मांडी घालून बसली. कुंकू अगदी मधोमध लावलं.

"अगबाई, केस किती पिकले माझे! सांगायचं नाही होय गं?"

मग आरशात मी दिसले, तशी ती वळली.

"टिकली सरकलीये तुझी," म्हणाली, आणि हात पुढे करून तिनं ती नीट बसवली.