आठ डिग्री, पुस्तकाप्रमाणे

भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे. लोक जुन्या पेट्रोल पिकअप घेऊन येतात. टायमिंग लावण्याआधी मी विचारतो, गाडी कुठे चालणार? परवा आळंदीचा एक फुलवाला वैतागला. "काका, चाकणला जाईल, न्हाईतर घाटात. पुस्तकात बघून लावा की." पुस्तक मला पाठ आहे. तेच एकदा नडलं.

सैन्यात मी हवालदार होतो, मेकॅनिक. उत्तरेत डोंगराच्या पायथ्याला आमचं वर्कशॉप. सहाला पीटी, आठला जॉब कार्ड हातात. तेव्हा पेट्रोलवरच्या जुन्या एक टनी गाड्या होत्या. प्लगची ठिणगी कधी पडायची, ते डिस्ट्रिब्युटर फिरवून ठरवायचं. पिस्टन वर पोचण्याच्या आठ डिग्री आधी, असं पुस्तक सांगे. मी आठ लावायचो आणि सही ठोकायचो. त्या सहीचा मला माज होता.

नाईक बळीराम आमचा ड्रायव्हर, बीडकडचा. त्या दुपारी तो गाडी न्यायला आला.

"उस्ताद, चार डिग्री पुढं घ्या. वर हवा पातळ हाय. गाडी वढत नाई."

"पुस्तकात किती?"

"आठ."

"मग आठच."

"पुस्तक लिहिणारा वर गेलता का कधी?"

सगळे हसले. माझं डोकं फिरलं. उंचीवर टायमिंग पुढे घेतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण लेखी आदेश नव्हता, आणि आता तर चारचौघांत माझी जिरली होती.

"सही माझी आहे, नाईक."

"जी, उस्ताद," म्हणाला आणि गाडी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तीन गाड्या रॉकेल घेऊन वरच्या पोस्टकडे निघाल्या. बळीरामची शेवटची. दहा चाळीसला रेडिओवर त्याचा को-ड्रायव्हर बोलला.

"चढावर इंजिन बंद पडलंय. दगडांच्या वळणावर. ओव्हर."

त्या वळणावर वरून दगड सुटत. तिथे थांबायचं नाही, अशी स्टँडिंग ऑर्डर होती.

"गाडी सोडा. दोघेही पुढे पळा. ओव्हर," आमचा रेडिओवाला ओरडला.

"नाईकांनी बोनेट उघडलंय. डिस्ट्रिब्युटर फिरवतायत. दोन मिनिटं म्हणतात. ओव्हर."

मी सेटजवळच उभा होतो. दहा पंचेचाळीसला को-ड्रायव्हरच्या आवाजामागे इंजिन ऐकू आलं, एका लयीत चालणारं. मला हायसं वाटलं. हे लिहिताना आजही लाज वाटते. कारण बळीराम बोनेट लावत असतानाच दगड आले. को-ड्रायव्हर आत बसला होता, तो वाचला.

चौकशी झाली. पुस्तकात आठ, रजिस्टरमध्ये आठ, खाली सही. वर्कशॉपचा दोष नाही, असं ठरलं. मी सॅल्यूट ठोकून बाहेर आलो आणि मागच्या शेडमध्ये जाऊन रडलो.

चौथ्या दिवशी गाडी खाली आणली. टप चेपला होता, इंजिन शाबूत. कोणी सांगितलं नव्हतं, तरी मी टायमिंग मोजायचा लाइट लावून बघितलं. बारा डिग्री. त्या वळणावर, एका पान्यावर आणि कानावर, त्याने मला मागितलं होतं तेवढंच लावलं होतं.

मी त्या टायमिंगला हात लावला नाही. नवीन जॉब कार्ड घेतलं. टायमिंग, बारा. काम करणाऱ्याच्या रकान्यात लिहिलं, नाईक बळीराम, ड्रायव्हर. सहीची जागा रिकामी ठेवली.