ऐकून घेणारे सुभेदारकाका

सुभेदारकाकांना काहीही सांगा, ते आधी आपलंच वाक्य आपल्याला परत ऐकवायचे आणि मग उत्तर द्यायचे. काकूंनी आतून "चहा झालाय, गार होतोय" अशी हाक मारली, की अंगणातून "चहा झालाय, गार होतोय. आलो" असं यायचं. फाटकाशी भाजीवाला आला की त्याच्याशीही तेच. "आधा किलो मटर, एक गोभी, धनिया ऊपर से. सही?" कोथिंबिरीबद्दल आपण चकार शब्द काढला नव्हता, हे त्या भैयाच्या ध्यानात येईपर्यंत काका पिशवी घेऊन आत गेलेले असत. उमेदीची सगळी वर्षं फौजेच्या सिग्नल्समध्ये गेली होती. तिथं वायरलेसवर आलेला मेसेज ऐकणाऱ्याने जसाच्या तसा उलट म्हणून दाखवल्याशिवाय तो पोचला असं धरत नाहीत. काका रिटायर झाले, पण ही सवय रिटायर झाली नाही.

त्यांच्या घरी मी राहायला गेले ती बाबांच्या बदलीमुळे. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत. आम्ही मूळचे नाशिकचे, पण माझी शाळा बरीचशी लखनौत झाली. बारावीनंतर मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत नंबर हुकला, एक वर्ष ड्रॉप घेऊन पुन्हा बसायचं ठरलं, इंदिरा नगरचा क्लास सुरू झाला आणि बाबांची गुवाहाटीची ऑर्डर आली. क्लास अर्ध्यात सोडणं म्हणजे वर्षावर पाणी सोडणं. मराठी मंडळाच्या गणपतीत भेटणारे विकास नगरचे सुभेदारकाका बाबांना म्हणाले, "पोरगी आमच्याकडं राहू दे." मग बाबा काही बोलायच्या आत स्वतःच उलट म्हणून दाखवलं, "पोरगी आमच्याकडं राहील." माणसं कराडकडची, मुलगा पुण्याला नोकरीला, वरची खोली रिकामी. आई दोन दिवस काकूंचं स्वयंपाकघर बघून आली आणि निश्चिंत झाली.

मी मात्र बुडत होते. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, दोन वर्षांचं सगळं एकाच डोक्यात ठेवायचं. फिजिक्स धरायला जावं तर केमिस्ट्री निसटायची, प्राण्यांची वर्गवारी पाठ होईपर्यंत वनस्पती विसरायच्या. क्लासमध्ये मुली एकमेकींना "तेरा बैकलॉग कितना है?" असं विचारत, घरातल्या आजारी माणसाची चौकशी करावी तशा हलक्या आवाजात. एका रविवारच्या टेस्टनंतर मी जेवताना ताटावरच रडायला लागले. काकांनी घास थांबवला.

"रडतीयंस. अच्छा. का?"

"सगळं वाचलंय काका, पण काहीच आठवत नाही."

"सगळं वाचलंय, काहीच आठवत न्हाई," काका म्हणाले. "म्हंजे मेसेज सुटलाय, पोचला न्हाई. उद्यापासनं मला सांगायचं, रंगरूट."

रंगरूट म्हणजे फौजेत नव्याने भरती झालेला शिपाई. डॉक्टर म्हणायला ते तयार नव्हते. "झालीस की म्हणीन," असा खाक्या.

क्लासहून ई-रिक्षाने परत आलं की चारच्या सुमाराला आमची गच्चीवर बैठक बसायची. लखनौच्या थंडीत त्या वेळचं ऊन म्हणजे चैन. काकू ताटात मटार नाहीतर मेथी घेऊन एका कडेला, काका सतरंजीवर पाय पोटाशी घेऊन, आणि मी समोर उभी. रोज तिन्ही विषयांतलं एकेक सांगायचं. काकांनी ते उलट म्हणून दाखवलं तर ते झालं, नाही तर दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी तेच. अर्धवट पोचलेला मेसेज न पोचलेल्यापेक्षा वाईट, असं ते म्हणत, कारण न पोचलेल्याची निदान लोक वाट बघतात.

अट एकच, मराठीत सांगायचं. पुस्तक इंग्रजी, क्लास हिंदी, त्यामुळे मी सुरुवातीला दोन्ही भाषांतली तयार वाक्यं घडाघडा फेकून बघितली. काकांनी हात वर केला. "ही तुझ्या सरांची वाक्यं हायत. तुझं बोल." मराठीत बोलायला गेले आणि पहिल्या मिनिटाला कळलं की मला काहीही समजलेलं नाही. ऑस्मॉसिस सांगताना मी इतकी अडखळले, की मटार सोलता सोलता काकूच म्हणाल्या, "आगं, कैरीला मीठ लावलं की पाणी सुटतं, तसंच का?" तसंच होतं. त्या दिवसापासून ऑस्मॉसिस काही मला सोडून गेलं नाही.

'वगैरे' या शब्दाला गच्चीवर बंदी होती. "यकृत पित्त तयार करतं, साखर साठवतं वगैरे" असं म्हणाले की काका लगेच, "वगैरे म्हंजे काय काय?" मला पुढचं येत नसायचंच. "वगैरे म्हंजे तुला ठाऊक न्हाई," ते शांतपणे म्हणत. आणि त्यांनी काही चुकीचं उलट म्हटलं आणि मी वैतागले, तर दोष माझ्याच पदरात पडायचा. "चूक ऐकणाऱ्याची नसती. सांगणाऱ्याची असती. फिर से बोलो." मी पुन्हा सांगायची, अजून सोपं करून, अजून उघडं करून. नवीन वर्ष लागेपर्यंत माझे मार्क चढले होते. क्लासमधल्या मुली विचारत, "यार, तू पढ़ती कहाँ है?" मी छतावर म्हटलं की त्यांना चेष्टा वाटायची.

फेब्रुवारीत उजळणी सुरू झाली तेव्हा मूत्रपिंडांचा धडा आला. मी तो छान सांगितला. एवढ्याशा गाळण्या, त्यातून रक्त जातं, कामाचं परत घेतलं जातं, घाण बाहेर. काकांनी उलट म्हटलं आणि मधेच चुकले. मी परत सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच धडा पुन्हा मागितला आणि पुन्हा चुकले, पण या वेळी शेवटी, जिथं मूत्रपिंड निकामी होण्याचा भाग येतो तिथं. दोन ओळींत संपणारी एवढी साधी गोष्ट त्यांना का समजत नाही, याचं मला नवल वाटलं. चूक सांगणाऱ्याची असते, म्हणून मी हट्टाला पेटले. तिसऱ्या दिवशी उरलासुरला आडपडदाही काढून टाकला. म्हटलं, "काका, गाळणी बंद पडली की घाण रक्तातच राहते. पाय सुजतात, अन्नावरची वासना जाते, मळमळतं, धाप लागते. मग आठवड्यातून दोनतीनदा यंत्राला जोडून रक्त धुवून घ्यायचं, तेही जन्मभर. नाही तर दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवायचं. यातलं काहीच केलं नाही तर माणूस जातो."

काकांनी हे सगळं एकही शब्द न चुकता म्हणून दाखवलं. पाय, वासना, मळमळ, धाप, यंत्र, माणूस जातो. काकू मेथी निवडत होत्या. "बाई बाई, काय एकेक रोग," एवढं म्हणून त्यांनी काड्या बाजूला केल्या. मी खूश होते, कारण धडा झाला होता.

मग काकांनी विचारलं, "आणि यंत्राला न जोडता माणूस किती दिवस काढतो?"

मी पुस्तक चाळलं. "ते येत नाही काका परीक्षेला."

"ते येत न्हाई परीक्षेला," काका म्हणाले, आणि हसले.

त्यांच्या त्या हसण्याला मी आजही घाबरते. त्यांच्या मूत्रपिंडांचा मिलिटरी हॉस्पिटलचा रिपोर्ट तेव्हा त्यांच्या कपाटात होता. डॉक्टरांनी लवकर डायलिसिस सुरू करायला सांगितलं होतं, आणि काकांनी ठरवलं होतं की घरात परीक्षा आहे, ती होऊन जाऊ दे. यात त्यांना काही विशेष वाटलं नसणार. आपल्याकडे असंच करतात. परीक्षेच्या घरात टीव्ही लावत नाहीत, भांडण काढत नाहीत, गावाकडे कोणी वारलं तरी पोराला पेपर झाल्यावर सांगतात. काकांनी तोच नियम स्वतःच्या आजाराला लावला. काकूंना सांगितलं असतं तर त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं असतं, म्हणून काकूंनाही सांगितलं नाही.

त्यानंतर दिसण्यासारखं सगळं दिसत होतं. बूट घालणारे काका चपला घालायला लागले. म्हणाले, गरमी वाढली. ताटात भात राहायला लागला. गच्चीचा जिना चढून आले की बसल्यावर थोडा वेळ बोलत नसत, नुसती बोटानेच मला सुरू कर म्हणून खूण करत. सतरंजीवर बसताना पायांवर चादर ओढून घेत, एप्रिलमध्ये. यातलं प्रत्येक लक्षण मला पाठ होतं, चार पर्यायांतून मी ते डोळे मिटून निवडलं असतं. समोर बसलेल्या माणसात मला ते दिसलं नाही.

परीक्षेच्या दिवशी मे महिन्याच्या उन्हात ते सेंटरपर्यंत आले. काकू नको नको म्हणत होत्या. फाटकाशी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो हात जड होता. "आता तिथं उलट म्हणून दाखवायला मी न्हाई. तूच सांगायचं, तूच ऐकायचं." पेपर सुटल्यावर मी बाहेर आले तेव्हा ते एका दुकानाच्या पायरीवर बसले होते आणि दुकानदार त्यांना पाणी पाजत होता. मला बघून उठायला गेले, उठता आलं नाही. "कसा गेला?" विचारलं. मी म्हटलं, चांगला गेला. "चांगला गेला," ते म्हणाले, आणि मग म्हणाले, "आता मला दवाखान्यात घेऊन चल, पोरी."

छातीत पाणी झालं होतं. घाईघाईने यंत्राला जोडलं, मुलगा पुण्याहून आला. मला आत सोडलं तेव्हा काका बऱ्यापैकी शुद्धीत होते. मी रडत एकच विचारत होते, मला का नाही सांगितलं.

"सांगितलं असतं तर तू मला शिकवलं असतंस का?" ते म्हणाले. मधे मधे थांबत बोलत होते. "डॉक्टर लोक इंग्रजीत भराभरा बोलले. मी उलट म्हणून दाखवलं, तर म्हणाले, हाँ हाँ ठीक है. त्यांनी ऐकलंच न्हाई. मला कुणीतरी मराठीत सांगायला पाहिजे होतं. तू नीट सांगितलंस. सगळं तसंच्या तसं झालं."

त्यांनी हे कौतुक म्हणून सांगितलं, याबद्दल मला शंका नाही. तसं कौतुक कुणाच्या वाट्याला येऊ नये. रिझल्ट लागायच्या आधी काका गेले.

मला लखनौतच मेडिकलची सीट मिळाली. आता मी वॉर्डात काम करते आणि यंत्राला न जोडता माणूस किती दिवस काढतो, या काकांच्या प्रश्नाचं उत्तर मला देता येतं. फेब्रुवारीतच ते दवाखान्यात गेले असते तर काय झालं असतं, तेही सांगता येतं. सांगू नये, पण रोज कुणी ना कुणी सुजलेल्या पायांचा माणूस समोर येतो आणि उत्तर माझ्या डोक्यात आपोआप तयार होतं. काकांनी ते वर्ष माझ्या नावावर करून टाकलं, मला न विचारता. मी मागितलं नव्हतं, असं म्हणावं तर ते खरं आहे, पण त्याने रात्री झोप लागत नाही.

काका गेल्यावर मी क्लासजवळच्या मुलींच्या होस्टेलवर राहायला आले होते. रिझल्ट लागला त्या दिवशी मी पेढे घेऊन विकास नगरला गेले होते. काकूंनी दार उघडलं, पेढे घेतले, एक माझ्या तोंडात घातला. गालावरून हात फिरवला. मग दारातच उभ्या राहिल्या. मी आत जायला पाऊल उचललं आणि त्या हलल्या नाहीत.

"तुझ्यावर राग न्हाई गं माझा," त्या म्हणाल्या. "तू गुणाची हायस. पण माणूस माझ्यासमोर बसून, तुझ्या तोंडून, स्वतःचं मरण ऐकत हुता. माझ्यासमोर. आणि मी भाजी निवडत हुते. तू बोलायला लागलीस की मला तेच ऐकू येतंय. तू आता हिथं येऊ नगंस."

"बरं, काकू," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली, आणि दार लावून घेतलं. माझं कॉलेज आणि काकूंचं घर एकाच शहरात आहेत, ई-रिक्षाने अर्ध्या तासाच्या अंतरावर. मी गेलेले नाही.