शिवलिंगप्पा मास्तरांचं ‘कावून’

साखराबाई माझ्या आईची आत्या. तिला एका जागी स्वस्थ बसलेलं मी कधी पाहिलं नाही. भाकरी खाता खाता उठून दोनदा दारात जाऊन यायची. “आत्या, बस की जरा,” म्हटलं तर म्हणायची, “मास्तरनं खोड लावली बाबा. आता जाती व्हय?”

हे मास्तर म्हणजे शिवलिंगप्पा. परळीच्या लिंगायत व्यापाऱ्याच्या घरचे. दुकानात जीव रमेना म्हणून घाटनांदूरला आले आणि मठाच्या ओसरीत त्यांनी मराठी शाळा काढली. निजामाचं राज्य. सरकारी शाळेत सगळं उर्दूत, कुणब्यांच्या पोरांना त्यातलं काही उमगत नसे. साखरा तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. धाकट्या भावाला सोडायला गेली आणि खांबाला टेकून तिथंच बसली. मास्तरांनी तिला उठवलं नाही.

मास्तर स्वतः कधी बसत नसत. धोतराचा सोगा मुठीत धरून ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत शिकवायचे. त्यांचा एकच नियम होता. ज्याला घरी जायचं असेल, त्यानं जाताना एक ‘कावून’ विचारायचं. गावात ‘का’ला कावूनच म्हणतात. एकदा साखरानं विचारलं, “तोंडात कायबी नसताना बैल चावत बसतो, कावून?”

मास्तर थांबले. “मला न्हाई ठावं,” म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते आले तेच सांगत, की गुराख्याला विचारलं, म्हाताऱ्या कोतवालाला विचारलं, आणि बैल आधी गिळतो अन् मग निवांत वर आणून चावतो. शिकवणाऱ्या माणसानं आपल्या प्रश्नापायी गावभर हिंडावं, याचं त्या पोरीला इतकं नवल वाटलं, की त्या दिवशी ती जेवलीच नाही.

शाळा दीड-दोन वर्षं चालली. मग ऐन पेरणीत एक साहेब दौऱ्यावर आला. आमराईत तंबू पडले. घरोघरचा कडबा, दूध, सरपण गोळा झालं, आणि सामान वाहायला गाड्या वेठीला धरल्या. साखराचे वडील बबनराव यांची गाडीही गेली. रानाला पेरणीजोगा वापसा आलेला आणि बैल साहेबाच्या खुर्च्या ओढतायत. वडिलांची भाकरी घेऊन साखरा आमराईत गेली. साहेबाचा कारकून, पेशकार, यादी वाचत उभा होता. ती थेट त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

“पेरणी आमची अन् बैल तुमी नेता, कावून?”

पेशकारानं तिच्याकडं पाहिलं, मग बबनरावांकडं. “अरे, ये छोकरी को किसने सिखाया?”

बबनरावांनी घाबरून तिच्यावर हात उगारला. मास्तर तिथंच गर्दीत होते. ते मधे आले.

“तिला मारू नका. मी शिकवलंय.”

दोन दिवसांनी मास्तरांना तालुक्याला बोलावणं आलं. बिनपरवान्याची शाळा म्हणून ओसरी बंद झाली. मास्तर परत आलेच नाहीत. त्यांच्या भावानं, मन्मथप्पानं, ‘हा पुन्हा शिकवणार नाही’ असा जामीन दिला आणि त्यांना परळीला नेलं, एवढंच गावाला कळलं.

साखराचं लग्न माजलगावकडच्या एका खेड्यात झालं. सासू बायडाबाई करारी. पहिल्याच महिन्यात सुनेनं तीन-चारदा कावून विचारलं, तेव्हा सासूनं पळी फेकून मारली. साखरा गप्प झाली, पण आत काहीतरी सारखं टोचत राहायचं. दळताना मधेच उठायची, पाणी भरून आली की पुन्हा बाहेर जायची. “हिच्या पायाला भिंगरी हाय,” सासू म्हणायची.

त्या गावात नारू फार. पायाला फोड यायचा, फुटायचा आणि त्यातून दोऱ्यासारखा लांब किडा निघायचा. तो काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळायचा; तुटला की पाय सुजून माणूस महिनाभर अंथरुणावर. साखराच्या नवऱ्याला दोनदा झाला, मग थोरल्या पोराला. लोक म्हणायचे, नशिबाचा भाग.

पोराला झाला त्या साली शिवरात्रीला घरची गाडी परळीला निघाली. वैजनाथाचं दर्शन झाल्यावर साखरा विचारत विचारत मन्मथप्पाच्या दुकानात गेली. गादीवर मास्तर बसले होते. मांडी घालून, तागडी हातात धरून. केस पिकलेले. तिनं ओळख सांगितली.

“हां, बबनरावांची,” एवढंच म्हणाले. “काय पायजे? हळद हाय चांगली.”

साखरा रडायच्या बेतात होती. हळदीचं नाव न घेता तिनं नारूचं सगळं सांगून टाकलं. निम्म्या गावाला होतो, निम्म्याला न्हाई. कावून?

मन्मथप्पा आतून म्हणाला, “दादा, गिऱ्हाईक हाय.” मास्तरांनी तागडी खाली ठेवली. उठले आणि त्या अरुंद दुकानात पोत्यांमधून येरझाऱ्या घालू लागले.

“मला न्हाई ठावं,” ते म्हणाले. “ज्यांला झाला त्यांला तू इचारलंस. ज्यांला झाला न्हाई, त्यांला इचारलंस का?”

परत आल्यावर साखरानं तेच सुरू केलं. ताक मागायच्या, विस्तव मागायच्या निमित्तानं घरोघर जायची. नारू नसलेली बहुतेक घरं देशमुखांच्या आळीतली निघाली. ती माणसं आडाचं पाणी शेंदून पीत. बाकी सारं गाव पायऱ्यांच्या बारवेत उतरून, पाण्यात पाय घालून घागरी भरायचं.

तिनं देशमुखीणबाईंची परवानगी मागितली आणि आडावर जायला लागली. “घरापुढं बारव असताना गावाच्या त्या टोकाला?” बायडाबाई कडाडली. “लोक काय म्हणतील?” साखरा हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही, रोज पहाटे दोर घेऊन निघायची. नवऱ्याला आणि पोराला बारवेचं पाणी तोंडाला लावू नका म्हणून हात जोडले. तरी पुढच्या उन्हाळ्यात नवऱ्याला नारू निघालाच. सासूनं साऱ्या आळीला ऐकवलं. चुकलं असेल का, या एका विचारानं साखराला वर्षभर पोखरलं, पण ती आडावर जायची थांबली नाही.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात घरात कुणाच्याच पायाला फोड आला नाही. पाण्यातून पोटात गेलेला नारू वर्षानं बाहेर येतो, म्हणून आदल्या साली निघाला तो जुन्याच पाण्याचा होता. मग शेजारणी दोर घेऊन तिच्यामागून निघाल्या. शेवटी बायडाबाईही एक दिवस काही न बोलता कळशी घेऊन आली.

साखराला हे कधी एकदा मास्तरांना सांगते असं झालं. नवऱ्याच्या मागे लागून ती परळीला गेली. गादीवर मन्मथप्पा एकटा होता. तिला बघताच त्याचा चेहरा उतरला.

“तुमी येऊन गेलात त्या दिवसापास्नं त्याचा पाय घरात ठरंना,” तो म्हणाला. “गेल्या दिवाळीत निघून गेला. कुठं, ते सांगितलं न्हाई. माझा जामीन हाय म्हणून सरकारचा माणूस दोनदा येऊन गेला.”

“चुकलं व्हय माझं?” साखरानं विचारलं.

मन्मथप्पानं तागडी बाजूला सारली. मग म्हणाला, “जेवायला लागलता नीट, तुमी गेल्यावर. हसायचा पण. ते मी बघितलंय.”

साखरा बाजारात फिरली. एकानं गंगाखेडच्या रस्त्यानं जाताना पाहिलं म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं उदगीरकडं. नवरा गाडी जुंपून हाका मारत होता, तरी ती आणखी दोन दुकानांत विचारून आली.

मास्तर पुन्हा कुणाला दिसले नाहीत. पुढं कितीतरी वर्षं परळीकडचा माणूस गावात आला, की आत्या हातातलं काम टाकून त्याला गाठायची. तो माहीत नाही म्हणाला, की मुकाट्यानं परत यायची आणि चुलीपुढं बसायच्या आधीच पुन्हा उठायची.