गंगेचा गडू
नळाच्या पाण्याला ब्लीचिंगचा वास आला की मला दुष्काळातलं लातूर आठवतं. जिल्हा नुकताच झाला होता, कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या होत्या, साहेबांच्या जीपगाड्या यायच्या, टँकर तेवढा येत नव्हता. वडील नास्तिक. मरताना तोंडात घालायला म्हणून आईनं गंगाजलाचा बंद गडू देवघरात जपला होता. तो दिसला की ते म्हणत, "तुम्हा देववाल्यांना मरणाचीच लई काळजी. मला हा एकच जन्म हाय, म्हणून जिवाची किंमत मला कळते." शेजारणीच्या तान्ह्या लेकीला हगवण लागली त्या दुपारी आमच्या रांजणात नुसता गाळ होता. आईनं उलथन्याच्या टोकानं गडूचं झाकण उचकटलं आणि गंगाजल चक्क चुलीवर उकळायला ठेवलं. वडील हळूच म्हणाले, "लेकरू वाचत न्हाई गं. तुझ्यापुरतं थोडं तरी ठेव." "माझं मी बघीन," म्हणत तिनं होतं तेवढं पाणी मीठसाखर घालून पोरीला चमच्यानं पाजलं. दिवस मावळायच्या आत पोर गेली. पुढं कितीतरी वर्षांनी आई शेवटच्या घटकेला आली, तेव्हा वडिलांनी तोच गडू नळाखाली भरून आणला आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "गंगेचं हाय, घे." ब्लीचिंगचा वास मला दारापर्यंत आला, म्हणजे तिलाही आला असणार. तरी तिनं तोंड उघडलं. घोट मात्र आत गेलाच नाही. गालावरून ओघळून उशीत जिरला.