पावणेतीनचीही चढेना

"हात ढिला सोड, माय. घट्ट धरशीन त काच तुलेच लागन."

आमच्या किन्हीराजात बांगड्या भरायला येणारी मनियारीण असं म्हणायची आणि बोलता बोलता अंगठा आत दुमडून हात असा दाबायची, की बांगडी मनगटावर कधी गेली ते कळायचंच नाही. आम्ही सगळ्या तिला भाबी म्हणायचो. तुमच्याही गावात अशी एखादी असेल, आठवून बघा. पण आमची भाबी बांगडी फुटली असं कधी म्हणायची नाही, 'वाढली' म्हणायची. कोणी चुकून फुटली म्हटलं, की टोपली उचलून निघायची धमकी देई.

पुढे तिच्या छातीतली कॅन्सरची गाठ काढली, बगलेतल्याही काढल्या. वर्षभर बरी होती. मग उजवा हात सुजायला लागला, तो तिने पदराखाली लपवला. ती डाव्या हाताने चहा प्यायली, तेव्हा मला कळलं. काहून लपवते म्हणून विचारलं, तर म्हणाली, "बिमारी वापस आली असन त मले सांगूच नको. मले पुन्हा त्या सुया नाही पायजेत."

मी तिला ओढतच अकोल्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, सूज कशी कशी आली.

"दिवाळीले सव्वादोनचा हात होता. संक्रांतीले अडीचचा. आता पावणेतीनचीबी चढत नाही."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, साहेब, बांगडीचं माप आहे, आणि हिचं माप चुकत नाही. त्यांनी ते तसंच लिहून घेतलं. मग तिच्या बगलेत बोटं फिरवू लागले. एका जागी थांबले. पुन्हा तिथेच दाबलं. भाबीने माझं मनगट असं आवळलं, की माझ्या दोन बांगड्या कडकन गेल्या. डॉक्टरांनी सोनोग्राफी लिहून दिली.

नंतर तासभर आम्ही बाहेर बाकावर बसलो. ती माझ्या पदरातली काच वेचत होती.

"दोन वाढल्या तुह्या," एवढंच म्हणाली.

सोनोग्राफीत निघालं, आजार परतला नव्हता. बोटाला लागली ती जुन्या टाक्यांची गाठ. बगलेतल्या गाठी गेल्यामुळे हातातलं पाणी वर चढत नाही, म्हणून सूज, असं डॉक्टर म्हणाले. पण पुढे ते म्हणाले, या हाताला ओरखडासुद्धा चालणार नाही, काचेचं काम बंद.

"थोडं थोडं केलं त?" भाबीने विचारलं.

डॉक्टरांनी मान हलवली.

आता टोपली तिची सून आणते. भाबी सोबत येते, हाताला डॉक्टरांनी दिलेली घट्ट बाही घालून. सून अजून शिकते आहे, जरा दुखवते. परवा ती माझ्या हाताशी झटत होती. भाबी ओट्याच्या कडेला बसून डाव्या हाताने आपल्याच उजव्या हाताचा अंगठा आत दुमडून, हळूहळू दाबत होती.