प्रोग्राम लिहिणारा रमण

रमण गेल्याचं त्याच्या मुलीने फोनवर सांगितलं. मी मेथी निवडत होतो. "काका, बाबा सकाळी गेले. चहा घेतला, पेपर उघडला आणि… काही त्रास झाला नाही त्यांना." मी "अरे अरे" म्हटलं, पण डोळ्यांत पाणी येण्याआधी मनात आलं ते खरं सांगतो : मरणसुद्धा याला चांगलंच मिळालं. या गोष्टीला दीड महिना झाला. त्याच्यावर लिहायचं तर हे लपवून चालणार नाही. साठ वर्षांची आमची मैत्री, आणि त्यातली निदान पन्नास वर्षं मी त्याचा हेवा केला.

आम्ही दोघंही आपापल्या घरातले पहिले पदवीधर. त्याचे वडील शंकरकाका तापीकाठचे गुजर शेतकरी. कापूस, केळी आणि थोडी मिरची. माझे वडील नंदुरबारच्या मिरची बाजारात मापाडी. काकांची पोती काट्यावर चढवताना वडिलांना शिंका यायच्या आणि काका हसायचे. ते हसणं वाईट नव्हतं, पण मला लागायचं. धुळ्याला कॉलेजात मी आणि रमण एका खोलीत राहिलो. तो बी.एस्सी. झाला, मी बी.कॉम. दोघांनाही दुसरा वर्ग मिळाला. ती बरोबरी मला फार प्रिय होती. पदवी घेऊन मी नंदुरबारला हायस्कुलात लागलो, फळ्यावर स्वच्छ अक्षरात नाव लिहिलं आणि पुढे 'बी.कॉम.' लिहायला विसरलो नाही. मापाड्याचा पोरगा होतो मी, का विसरू?

रमण मुंबईला गेला. एका मोठ्या कंपनीने नवं गणकयंत्र आणलं होतं, त्यावर त्याला घेतलं. सुट्टीत आला की सांगायचा, यंत्राला खोली लागते, खोलीला थंड हवा लागते, आणि यंत्राने काय करायचं ते भोकं पाडलेल्या कार्डांवर लिहून द्यावं लागतं. त्या लिहिण्याला तो 'प्रोग्राम' म्हणायचा. एकदा त्याने तसलं कार्ड घरी आणलं. काकांनी ते उजेडात धरलं, भोकं बघितली आणि म्हणाले, "तुमना हापिसमा उंदरं लई शेतस का रे?" सगळे हसले, रमण सर्वांत जास्त हसला. मी मात्र कार्ड हातात घेऊन बसलो. एक भोक चुकलं तर कार्डांची सगळी चळत परत येते, असं तो म्हणाला होता. मला वाटलं, आपल्या कामात काय चुकतं? पोरं चुकतात, आपण लाल शाई लावतो.

आता खरी गोष्ट. आमच्याकडे तेव्हा प्रोग्राम म्हणजे गणपतीतला नाच-गाण्याचा कार्यक्रम, नाहीतर तमाशा. रमणच्या स्थळासाठी तळोद्याचे एक पाहुणे चौकशीला आले ते माझ्याकडे, कारण मी शिकलेला आणि त्याचा मित्र. "मास्तर, पोऱ्या मुंबईले करस काय?"

मला सगळं माहीत होतं. यंत्र, कार्डं, पगार, सगळं. मी म्हणालो, "प्रोग्राम लिखस."

"कसाना प्रोग्राम?"

"ते त्यालेच इचारा," असं म्हणून मी चहा मागवला. एक शब्द खोटा बोललो नाही. पाहुणे चहा पिऊन गेले ते परत आले नाहीत.

त्यानंतर काका पेटले. अहमदाबादेत धंद्याचं शिक्षण देणारी नवी संस्था निघाल्याचं त्यांनी सुरतच्या नातेवाइकांकडून ऐकलं आणि रमणला अर्जाचा कोरा फॉर्म मागवायला लावला. हिवाळ्यात तो आला तेव्हा आम्ही तिघं गावाबाहेर मिरचीच्या पथारीवर गेलो. पायाखालची वाट सोडली तर सगळीकडे लाल मिरची वाळत पडलेली.

"आते काय सांगू लोकेस्ले?" काका म्हणाले. "सोयरा इचारतस, तमाशाना प्रोग्राम का भजनना? ती नोकरी सोड, धंदानी डिगरी ले. मॅनेजर म्हनं की गाव समजस."

रमण म्हणाला, "यंत्राचं काम मला जमतं, बाबा. पण पुढे काय होईल ते मलाही सांगता येत नाही." मग माझ्याकडे वळला. "मास्तर, तू बी.कॉम. तू सांग. जाऊ का?"

माझ्या मनात आला तो त्याचा विचार नव्हता. विज्ञानात तो पुढे होताच, आता वाणिज्यातही माझ्या पुढे जाणार? मला उरणार काय? रमणची नजर टाळून मी काकांकडे बघत त्याला म्हणालो, "नको जाऊस. धंदा तर आमच्या बाजारातला अडत्याही करतो. तुझ्यासारखं काम जिल्ह्यात दुसरा कोणी करत नाही. ते सोडणारा मूर्ख."

काका म्हणाले, "मास्तर, तू मन्हा पोऱ्यानं नुकसान करी ऱ्हायना." पुढे दोन वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत.

रमणने अर्ज पाठवला नाही. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. यंत्रं लहान होत गेली, रमण मोठा होत गेला. भाषणात, लग्नात, कुठेही भेटला की माझा हात धरून सांगायचा, "याने मला अडवलं म्हणून मी वाचलो." लोक माझ्याकडे आदराने बघायचे. मी मान खाली घालायचो, आणि तो माझा विनय समजला जायचा.

दोघंही निवृत्त झाल्यावर एकदा माझ्या ओट्यावर मी त्याला सगळं सांगून टाकलं. तळोद्याच्या पाहुण्यांचंही. तो हरभरा सोलत होता, थांबला नाही.

"पाहुण्यांचं तेव्हाच कळलं होतं," तो म्हणाला. "आणि पथारीवर मी तुझा सल्ला कुठे घेत होतो? तुझं तोंड बघत होतो. बाबा फक्त माझ्याकडे काय नाही ते बघायचे. तू ते कार्ड हातात घेऊन बसला होतास ना, तेव्हाच मला समजलं, माझ्याकडे काहीतरी आहे. मास्तर उगाच जळत नाही."

म्हणजे सल्ल्याचं श्रेयसुद्धा माझं नव्हतं. त्या दिवशी मला हसू आलं, आणि राग आला, आणि मी पुन्हा तसाच जळलो.

गेली बारा-पंधरा वर्षं तो दर रविवारी सकाळी फोन करायचा. "मास्तर, एक विचारू?" घर विकू का, गुडघ्याचं ऑपरेशन करू का, मुलीला जावयाबद्दल बोलू का. ते मात्र मी खरंच विचार करून सांगायचो, कधी दोन-दोन दिवस घेऊन. आता रविवारी मी नेमाने नऊच्या आत अंघोळ उरकतो आणि फोनजवळच्या खुर्चीत बसतो. सूनबाई चहा तिथेच आणून ठेवते. गेल्या रविवारी चहा निवत होता तेव्हा ध्यानात आलं, इतक्या वर्षांत मी रमणला एकदाही काही विचारलं नाही. नोकरीचं नाही, पोरांचं नाही, बायकोच्या आजारपणाचंही नाही. विचारलं असतं तर त्याच्यापेक्षा कमी ठरलो असतो, असं वाटायचं. त्याला मात्र मला विचारताना तसं कधी वाटलं नाही…